आधी सरकारी वकील, मग सुरक्षाप्रमुख, शेवटी आरोपी: जो (Joe) सलिव्हनवर अन्याय झाला का?

धागाकर्ता (तिरकस_तात्या):
सॅन फ्रान्सिस्कोच्या केंद्रीय सरकारी वकिलांच्या कचेरीत जो सलिव्हन हॅकिंगचे खटले चालवायचा. तिथून ईबे, फेसबुक आणि २०१५ पासून उबरचा सुरक्षाप्रमुख. नोव्हेंबर २०१६ मध्ये दोघा हॅकरांनी ५.७ कोटी ग्राहक-चालकांची माहिती पळवली. उबरने त्यांना ‘बग बाउंटी’च्या (सिस्टिममधली त्रुटी दाखवून देणाऱ्याला मिळणारं बक्षीस) नावाखाली बिटकॉइनमध्ये १ लाख डॉलर मोजले आणि प्रकरण मिटवलं. २०२२ मध्ये ज्युरीने सलिव्हनला दोषी ठरवलं: फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकहित सांभाळणाऱ्या सरकारी संस्थेच्या उबरवरच्या चौकशीत अडथळा आणि गुन्हा दडवणं. शिक्षा तीन वर्षं प्रोबेशन (तुरुंगाऐवजी देखरेख), ५० हजार डॉलर दंड. खटला चालवला त्याच्याच जुन्या कचेरीने!

माझ्या मते बळीचा बकरा. उबरचा तेव्हाचा सीईओ कलानिकला सगळं ठाऊक होतं, त्याच्यावर साधा आरोपही नाही. शिक्षा सुनावताना न्यायाधीश ऑरिकनीही नेमकं हेच विचारलं.

नोटरी_नाना:
तात्या, बकरा इतका भोळा नव्हता. हॅकरांचा खंडणीचा मेल यायच्या दहाच दिवस आधी हा माणूस उबरच्या २०१४ च्या डेटाचोरीबद्दल त्याच कमिशनसमोर शपथेवर साक्ष देऊन आला होता. त्या बाउंटीची नेहमीची कमाल मर्यादा १० हजार डॉलर. आणि हॅकरांकडून सही करून घेतलेल्या करारात काय? तर ‘आम्ही कुठलाही डेटा घेतला नाही’! पंचनाम्यात खोटं लिहिलं की काय होतं, हे सरकारी वकिलाला कुणी शिकवायचं?

रात्रपाळी_सर्व्हर:
मी याच धंद्यात आहे. पहाटे तीनला खंडणीचा मेल आला की पहिलं काम डेटा पसरू न देणं. त्याने ते केलं. हॅकर शोधून काढले, खरी नावं मिळवली. कंपनीच्या वकिलाने बाउंटीला मान डोलावली आणि पुढे त्याच वकिलाला खटल्यापासून अभय मिळालं, साक्षही सलिव्हनच्याच विरुद्ध. उद्या कोण घेईल ही खुर्ची?

नोटरी_नाना:
पसरू दिला नाही म्हणता, मग डिसेंबरमध्ये त्याच दोघांनी लिंक्डइनच्या लिंडा डॉट कॉम या ऑनलाइन शिकवणीच्या साइटकडे पैसे मागितले, त्याचं काय? वेळीच पोलिसांकडे गेले असते तर?
शिवाय २०१७ मध्ये नवे सीईओ खोस्रोशाही आल्यावर त्यांच्यासाठी टीमने टिपण केलं, त्यातली डेटा चोरीला गेल्याची वाक्यं सलिव्हनने काढून टाकली. पहाटे तीनची घाई एक वर्ष पुरत नाही हो.

रात्रपाळी_सर्व्हर:
टिपणाचं मान्य, तिथे बचाव नाही. पण एकट्यालाच का?

मंजिरी_कु:
तुम्ही दोघं माणसावर भांडताय. खरी गंमत धंद्याची आहे. फिर्यादी बाजू सोडून व्हाइट-कॉलर (कंपन्या-साहेबांच्या आर्थिक गुन्ह्यांच्या) बचावाकडे किंवा सायबर सल्ल्याकडे जाणारे अमेरिकेत ढिगाने. चौकशी अधिकारी काय विचारणार हे त्यांना ठाऊक असतं, फी त्याचीच. आता तर चोरी झाली की आधी बाहेरचा वकील बोलावतात आणि तपास करणारी कंपनी त्याच्यामार्फत नेमतात, म्हणजे अहवाल वकिली गोपनीयतेखाली झाकता येतो. कॅपिटल वन बँकेने तेच केलं; २०२० मध्ये कोर्टाने अहवाल उघड करायला लावला.

तिरकस_तात्या:
मंजिरीताई, म्हणजे वकिलांनी झाकलं तर सल्ला आणि सलिव्हनने झाकलं तर गुन्हा?

नोटरी_नाना:
अहवाल देणार नाही असं उघड सांगून कोर्टात भांडणं वेगळं. चौकशी चालू असताना चोरी झालीच नाही असं भासवणं वेगळं. मार्च २०२५ मध्ये अपीलही फेटाळलं गेलंय तात्या, आता तरी बकरा सोडा.