जळगावचा उन्हाळा आणि फ्लेमप्रूफ मोटरवरचा ‘टी ३’

सरकीवाला (जळगाव)
राम राम मंडळी. सॉल्व्हंट प्लांटच्या (द्रावकाने तेल काढणाऱ्या) हेक्झेन पंपाला नवी फ्लेमप्रूफ मोटर (आत स्फोट झाला तरी ज्वाला बाहेर न सोडणारी) घ्यायची आहे; हेक्झेन म्हणजे पेट घेणारा द्रावक. जागा झोन १ ची, म्हणजे नेहमीच्या कामातही अधूनमधून स्फोटक वाफ असू शकते अशी. प्लेटवर ‘एक्स डीबी आयआयबी टी ३ जीबी’ (Ex db IIB T3 Gb) आहे आणि पेसोच्या (केंद्राच्या पेट्रोलियम व स्फोटक सुरक्षा संस्थेच्या) मंजुरीपत्राची झेरॉक्सही मिळाली. पण मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या पुढे जातो, त्यात पंप पत्र्याच्या शेडखाली. टी ३ हा तापमान वर्ग तेव्हाही धरायचा का? प्लेटच्या खालच्या ओळीत ‘अँब. ५०’ (भोवतालचं तापमान ५०) आहे, म्हणून विक्रेता म्हणतो निवांत राहा.

देखभाल_धुळे
भाऊ, निवांत राहू नका. ‘अँब. ५०’ हा आकडा नुसता वाइंडिंगच्या (आतल्या तारांच्या गुंडाळीच्या) रेटिंगचा असू शकतो. टी ३ म्हणजे मोटरचा पृष्ठभाग २०० अंशांवर जाणार नाही, पण ही हमी भोवतालच्या हवेच्या ठरावीक तापमानापुरतीच. प्रमाणपत्रात आणि ‘Ex’च्या खुणेपाशी ‘टीए’ (भोवतालच्या तापमानाची मर्यादा) वेगळा दिलेला नसेल, तर आयएस/आयईसी ६००७९-० या मानकाप्रमाणे ती मर्यादा उणे २० ते अधिक ४० एवढीच. हेक्झेन सव्वादोनशे अंशांच्या आसपास आपोआप पेट घेतं, म्हणजे हातात राखीव थोडंच.

टीए ५० प्रमाणपत्रातच लिहिलेलं मॉडेल मागा. पत्रातला मॉडेल-फ्रेम (मोटरच्या बॉडीचं माप) नंबर प्लेटशी ताडून बघा. पत्र एका फ्रेमचं आणि माल दुसऱ्या फ्रेमचा, असं सर्रास होतं. प्रमाणपत्र क्रमांकाच्या शेवटी ‘X’ हे एकच अक्षर असेल तर वापराच्या खास अटी आत दिलेल्या असतात, त्या वाचल्याशिवाय बिल काढू नका.

आणि हवामान खात्याचे ४५ हे सावलीतले. दुपारी ३ वाजता मोटरजवळ थर्मामीटर टांगा. ५० च्या वर दिसलं तर आधी शेडची हवा खेळती करा.

भुसावळ_वायरमन
वरचं सगळं बरोबर, पण मोटर चांगली असून काम बिघडतं ते टर्मिनल बॉक्सवर. ग्लँड (केबल बॉक्समध्ये शिरते तिथे ती आवळून धरणारा भाग) फ्लेमप्रूफ प्रमाणित, डबल कॉम्प्रेशन (दोन ठिकाणी आवळणारी) आणि केबलच्या व्यासाला नेमकी बसणारी हवी. बॉक्सला पाऊण इंची ईटी (जुने इंची इलेक्ट्रिकल) आटे आणि ग्लँड एम २० (२० मिमी मेट्रिक), ही गफलत फार होते. दोन्हींचं माप जवळपासचं पण वेगळं, म्हणून आटे नीट गुंतत नाहीत, तरी पान्याने आवळली की ‘बसली’ म्हणतात. निदान ५ पूर्ण आटे गुंतलेच पाहिजेत. रिकाम्या भोकाला प्रमाणित धातूचा प्लग; प्लास्टिकचं बूच चालत नाही.

झाकणाच्या जोडावर रंग, सिलिकॉन, घरी कापलेलं गॅस्केट काही नको. आत स्फोट झाला तरी गरम वायू त्या अरुंद फटीतून निघता निघता थंड होतो, सगळी मेख तिथे आहे. गॅस्केटने फट वाढली की ज्वाला बाहेर. न सुकणारं ग्रीस पातळ लावा, बोल्ट सगळे आणि मूळ ग्रेडचेच.

सरकीवाला (जळगाव)
मोटर ड्राइव्हवर (वेग कमी-जास्त करणाऱ्या उपकरणावर) चालवायची आहे. आणि सरकीच्या गोदामातल्या कन्व्हेयरलाही हीच चालेल का?

देखभाल_धुळे
ड्राइव्हवर वेग कमी केला की मोटरचा पंखाही मंदावतो आणि बॉडी तापते. प्रमाणपत्रात ड्राइव्हचा उल्लेख हवा, वाइंडिंगमधल्या थर्मिस्टरने (तापमान ओळखणाऱ्या सेन्सरने) सप्लाय तुटायला हवा.

गोदामासाठी ही नाही. तिथे रुईचे तंतू, म्हणजे गट आयआयआयए (उडणारे ज्वलनशील तंतू). ‘एक्स टीबी’ (Ex tb) किंवा ‘टीसी’ (tc), म्हणजे धूळ-तंतूंच्या जागेसाठीची खूण लिहिलेली वेगळी मोटर बघा, आणि बॉडीवर साचलेली रुई रोज झाडा.