मदत हवी आहे : मागच्या दाराशी पायपुसण्याखाली सापडलेला अळ्यांचा पुंजका कशाचा असावा?

अंगणवारा

मी पुण्यात कोथरूड भागात तळमजल्यावर राहते. मागच्या दाराबाहेर आमचे लहानसे फरसबंद अंगण आहे आणि दाराशी गोणपाटाचे पायपुसणे असते. गेल्या मंगळवारी पहाटे साडेपाचच्या सुमारास ते झटकण्यासाठी उचलले, तेव्हा त्याखाली दीडशेहून अधिक अळ्या एकमेकींना चिकटून पडलेल्या दिसल्या. त्याआधी सलग दोन दिवस जोराचा पाऊस झाला होता. त्या सगळ्या झाडून बाहेर टाकल्या आणि जागा फिनाईलने धुतली. तरीही बुधवारी तितक्याच, आणि गुरुवारी त्याहून जास्त अळ्या त्याच जागी जमल्या होत्या. दिवसा एकही फिरताना दिसत नाही.

प्रत्येक अळी साधारण दोन सेंटिमीटर लांब, चपटी आणि दोन्ही टोकांना निमुळती आहे. अंगावर ठळक वळ्या आहेत आणि त्यांवर अगदी आखूड, विरळ केस आहेत. बहुतेकींचा रंग गडद तपकिरी, जवळजवळ काळा आहे, पण दहा-पंधरा अळ्या मळकट पांढऱ्या होत्या, त्यामुळे या दोन वेगवेगळ्या जाती आहेत की काय, अशी शंका आली. चिमट्याने उचलल्यावर अंग मऊ लागत नाही, वाळलेल्या कातड्यासारखे चिवट लागते. सुरवंटासारखी पाठ उंचावून त्या चालत नाहीत, तर पुढचे टोक जमिनीत रुतवून उरलेले अंग ओढत नेतात.

त्यांतल्या वीस अळ्या मी काचेच्या बरणीत घालून तोंडाला मलमलीचे फडके बांधून ठेवल्या आहेत. कोथिंबीर, कोबीचे पान आणि भिजलेली पोळी घालून पाहिली, पण काळ्या अळ्यांनी दोन दिवसांत कशालाही तोंड लावलेले नाही. पांढऱ्या अळ्या मात्र पोळीखाली शिरल्या.

माझ्या भावाची सांगली जिल्ह्यात मक्याची शेती आहे. त्याला फोनवर वर्णन सांगितले, तेव्हा ही लष्करी अळी असावी असे तो म्हणाला. शेजारच्यांना वाटते की या गटारातून येतात आणि येत्या रविवारी संपूर्ण आवारात कीटकनाशक फवारून घ्यावे. माझी दहा महिन्यांची नात याच अंगणात रांगते आणि हाताला लागेल ते तोंडात घालते. त्यामुळे मला अळ्यांची जितकी धास्ती वाटते, तितकीच त्या फवारणीचीही वाटते. या अळ्या चावतात का, त्यांच्यापासून बाळाला काही अपाय होऊ शकतो का आणि त्या मुळात कुठून येत आहेत, हे रविवारच्या आत कळले तर मी शेजाऱ्यांशी नीट बोलू शकेन.

पागोळी

आमच्याकडेही पावसाळ्यात न्हाणीघराच्या जाळीतून बारीक काळ्या अळ्या येतात, पण त्या दोऱ्याएवढ्या असतात. तुमच्या वर्णनातल्या अळ्या फारच मोठ्या आहेत, तेव्हा त्या गटारातल्या नसाव्यात.

पानमळा

ताई, फवारणी कृपया थांबवून ठेवा आणि आधी दोन गोष्टी पाहून सांगा. बरणीतली एक अळी उलटी करून भिंगाखाली तिला पाय आहेत का ते बघा. पतंगाच्या किंवा फुलपाखराच्या अळीला छातीशी पायांच्या तीन जोड्या असतातच आणि पोटाखाली मांसल आधारपायही असतात. माशीच्या अळीला एकही पाय नसतो. मक्यावरच्या लष्करी अळीच्या डोक्यावर उलट्या वाय अक्षरासारखी फिकट खूण असते, शेपटीजवळ चार काळे ठिपके चौकोनात असतात आणि ती हिरवे पान सोडत नाही. तुमच्या बरणीतल्या अळ्यांनी कोबीच्या पानाकडे पाहिलेही नाही, हे मला महत्त्वाचे वाटते. दुसरा प्रश्न असा की त्या दारापासून जवळपास कुठे ओला कचरा साठवला जातो का?

अंगणवारा

भिंग घेऊन चार अळ्या तपासल्या. एकीलाही पाय नाहीत. डोके फार लहान, टोकदार आणि कडक आहे. आणि होय, दारापासून सहा-सात फुटांवर, जिन्याखाली आमचा खताचा पिंप आहे. स्वयंपाकघरातला ओला कचरा मी त्यात दोन वर्षांपासून घालते आहे. पहिल्या संदेशात त्याचा उल्लेख करायला हवा होता, पण पिंपाला झाकण असल्यामुळे संबंध असेल असे मनातच आले नाही. आज झाकण काढले, तेव्हा वरचा थर भातासारखा लगदा झालेला होता, खाली हात नेल्यावर ऊब जाणवत होती आणि त्यात तशाच पांढऱ्या अळ्या शेकड्यांनी वळवळत होत्या.

पानमळा

मग उत्तर जवळजवळ निश्चित आहे. या काळ्या सैनिक माशीच्या, म्हणजे ब्लॅक सोल्जर फ्लायच्या अळ्या आहेत. तिचे शास्त्रीय नाव हर्मेशिया इल्युसेन्स असे आहे. मूळची अमेरिका खंडातली ही माशी आज जगातल्या बहुतेक उष्ण प्रदेशांत आढळते आणि घरी खत करणाऱ्यांच्या पिंपात ती न बोलावता येते.

पांढऱ्या आणि काळ्या अळ्या एकाच जातीच्या आहेत, फक्त त्यांचे वय वेगळे आहे. मादी कचऱ्यावर अंडी घालत नाही, त्याच्या जवळच्या कोरड्या फटीत घालते आणि एका वेळी सुमारे पाचशे अंडी असतात. चारेक दिवसांत अळ्या बाहेर पडतात, खाली कचऱ्यात उतरतात आणि उबदार हवेत दोन-तीन आठवडे अखंड खात राहतात. वाढ पूर्ण झाली की अळीचा रंग गडद होतो, ती खाणे कायमचे बंद करते, तिचे तोंड आकड्यासारखे होऊन केवळ सरपटण्याच्या कामी येते आणि ती ओल सोडून कोरड्या, अंधाऱ्या जागेच्या शोधात निघते. हा प्रवास ती बहुधा रात्री करते. तुमचे पायपुसणे तिला नेमके तसे मिळाले. अंग ओले असेल तर ती उभी, गुळगुळीत भिंतही चढते, तेव्हा पिंपाच्या काठावरून बाहेर येणे तिला अवघड नाही. तिच्या कातडीत चुन्याचा अंश असतो, म्हणून ती चिमट्याला चिवट लागते.

आता बाळाविषयी. ही अळी चावत नाही आणि डंखही मारत नाही. प्रौढ माशीला खाण्याची गरज नसते, त्यामुळे घरमाशीसारखी ती जेवणाच्या ताटावर येऊन बसत नाही. ज्या कचऱ्यात या अळ्या दाट असतात, तिथे घरमाशीची वाढ कमी होते, हा तर फायदाच आहे. तरीही अळ्या कुजक्या कचऱ्यातून आलेल्या असल्यामुळे त्यांच्या अंगावर जंतू असू शकतात. म्हणून बाळाच्या हाती त्या लागू देऊ नयेत, ती फरशी साबणाने धुवावी आणि हाताळल्यावर हात स्वच्छ करावेत. कीटकनाशकाचा अंश फरशीवर राहिला, तर रांगणाऱ्या मुलाला त्याचा धोका या अळ्यांपेक्षा खचितच मोठा आहे.

तुळशीकट्टा

पानमळा यांनी सांगितले ते बरोबर आहे. त्यात एवढीच भर घालते की अळ्या एकदम इतक्या संख्येने बाहेर येण्याचे कारण बहुधा पिंपातली जादा ओल असावी, कारण लगदा झाला की आत हवा खेळत नाही आणि पूर्ण न वाढलेल्या पांढऱ्या अळ्याही बाहेर पडू लागतात. सुका पाला किंवा कोकोपीट भरपूर मिसळा, तळाची भोके मोकळी करा आणि शिळा भात काही दिवस घालू नका. पिंपात गांडुळे सोडली असतील, तर ती वेगळ्या कुंडीत हलवा, कारण या अळ्यांचा खाण्याचा झपाटा आणि त्यांच्यामुळे निर्माण होणारी उष्णता गांडुळांना मानवत नाही.

अंगणवारा

आपण सर्वांनी वेळेत उत्तरे दिलीत, त्याबद्दल मनापासून आभार. शनिवारी संध्याकाळी शेजाऱ्यांना पिंपाशी नेऊन सगळे दाखवले आणि फवारणी रद्द झाली. पिंपात दोन पोती सुका पाला मिसळला, झाकणाखाली बारीक जाळी ताणून बसवली आणि पिंप विटांवर उचलून घेतला.

बरणीतल्या काळ्या अळ्या पुढे ताठ होऊन मेल्यासारख्या पडल्या होत्या, पण मी त्या टाकल्या नाहीत. सोळाव्या दिवशी सकाळी मलमलीच्या आतल्या बाजूला एक माशी बसलेली दिसली. ती काळीभोर, गांधीलमाशीसारखी लांबट होती, पायांची टोके पांढरी होती आणि कमरेपाशी दोन पारदर्शक खिडक्यांसारखे डाग होते. दुपारपर्यंत आणखी तीन बाहेर आल्या. त्यांना बागेत सोडून दिले.

पायपुसण्याखाली आज पहाटे सात अळ्या होत्या. त्या कागदावर गोळा करून कुंपणाशी ठेवल्या, तर पाच मिनिटांत दोन साळुंक्यांनी त्या उचलून नेल्या.