मदत हवी आहे: पझल सुटतात पण डावात चाल दिसत नाही, मुलांना कसं शिकवू?

नमस्कार मंडळी,

आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये शनिवार-रविवारी पाचवी ते आठवीची मुलं बुद्धिबळ खेळायला जमतात, त्यांना शिकवायचं काम माझ्याकडे आहे. २०२५ मध्ये दिव्या देशमुखने बाटुमीला महिला वर्ल्ड कप जिंकला तेव्हापासून मुली पण यायला लागल्यात, नागपूरची पोरगी थेट ग्रँडमास्टर झाली म्हटल्यावर घरचे स्वतः आणून सोडतात, खूप बरं वाटतं बघून.

अडचण अशी आहे की मोबाईलवर पझल्स (दिलेल्या पोझिशनमधली जोरदार चाल शोधायची कोडी) ही मुलं धडाधड सोडवतात, पण समोरासमोर डावाला बसली की तशीच चाल पटावर असते आणि कुणालाच दिसत नाही, नाहीतर उलट, नसलेली चाल दिसते आणि खेळून मोकळे होतात. पझलमध्ये इथे काहीतरी आहे हे आधीच कळलेलं असतं, डावात कोण सांगणार?

उदाहरण देतो. लीगलची मात, म्हणजे वजीर सोडून मात करायचा जुना सापळा, सगळ्यांना पाठ आहे (चालीतलं अक्षर म्हणजे पटाचा उभा रकाना, आकडा म्हणजे आडवी ओळ). १. ई४ ई५ २. घोडा एफ३ डी६ ३. उंट सी४ उंट जी४ ४. घोडा सी३ जी६, आणि आता पांढरा ५. घोड्याने ई५ चं प्यादं मारतो, वजीर सोडून! काळ्याने वजीर खाल्ला की ६. उंट एफ७ वर शह, राजा ई७, ७. घोडा डी५ मात. जबरदस्त चाल. पण काळ्याने चौथ्या चालीला जी६ च्या ऐवजी घोडा सी६ ला काढला असेल तर तीच चाल साफ चुकते, कारण तो घोडा ई५ वर मारतो, जी४ च्या उंटाला जोर देतो आणि वर सी४ च्या उंटावर पण येतो, पांढऱ्याचा मोहरा गेला. माझी निम्मी मुलं दोन्ही ठिकाणी न बघता घोड्याने ई५ चं प्यादं मारतात.

'आधी शह बघा, मग मारामारी, मग धमकी' हे मी शिकवलंय आणि ते उपयोगी आहेच, पण शांत चाल त्यात बसत नाही. रिचर्ड रेटी या बुद्धिबळपटूने रचलेली १९२१ ची प्रसिद्ध पोझिशन घ्या, चाल पांढऱ्याची, पांढऱ्याचा राजा एच८ प्यादं सी६, काळ्याचा राजा ए६ प्यादं एच५. पहिली चाल राजा जी७. शह नाही, मारामारी नाही, पण तिरका चालत राजा एकाच वेळी दोन्ही प्याद्यांच्या जवळ येतो आणि डाव बरोबरीत सुटतो. अशी चाल शोधायची सवय कशी लावायची? शिकवणाऱ्यांनी कृपया सांगा.

प्रतिसाद १
तुमच्या लीगलच्या उदाहरणातच उत्तर आहे बघा. दोन्ही पोझिशनमध्ये फरक एवढाच की ई५ वरच्या मारामारीनंतर जी४ चा उंट बिनजोर (आपल्याच मोहऱ्याचा आधार नसलेला) राहतो की नाही. मी मुलांना चाल विचारतच नाही, आधी दोन्ही बाजूंचे बिनजोर मोहरे बोटाने दाखवायला लावतो, मग ज्याला हलायला जागा उरली नाही तो मोहरा, मग धोक्यातला राजा. हे तिन्ही नसेल तर बहुतेक वेळा जोरदार चाल नसतेच, मग साधी चाल खेळायची. सिंगापूरला डिसेंबर २०२४ मध्ये गुकेश आणि डिंगचा जगज्जेतेपदाच्या लढतीतला १४ वा डाव आठवा, गुकेश काळ्याने खेळत होता, डिंगचा उंट ए८ च्या कोपऱ्यात होता, त्याने ५५ व्या चालीला हत्ती एफ२ ला आणला, गुकेशने हत्ती मारून घेतले आणि उंट डी५ ला ठेवला, आता कोपऱ्यातला उंट पळणार कुठे, मारामारी झाली आणि प्याद्यांचा डाव काळ्याने जिंकला. कोपऱ्यातला उंट आधी दिसला की उंट डी५ आपोआप सुचते.

प्रतिसाद २
वरच्यांशी सहमत. अजून एक करा, पझलच्या ढिगात काहीच नसलेल्या पोझिशन मिसळा आणि मुलांना फक्त 'आहे' की 'नाही' एवढंच विचारा. लीगलच्या दोन्ही पोझिशन शेजारी शेजारी मांडून द्या. आणि 'आहे' म्हणणाऱ्याने समोरच्याचं सगळ्यात चांगलं उत्तर पण सांगायचं, नाहीतर मार्क नाही. सरावात चाल आधी कागदावर लिहून घेतली तर घाई कमी होते, मात्र फिडेच्या (जागतिक बुद्धिबळ संघटनेच्या) नियमात चाल खेळायच्या आधी लिहायला मनाई आहे हे त्यांना आधीच बजावा, नाहीतर स्पर्धेत आर्बिटर (पंच) टोकेल.

मूळ धागाकर्ता
दोघांचे मनापासून आभार, बिनजोर मोहरे बोटाने दाखवणं या शनिवारीच सुरू करतो, आणि 'आहे-नाही'ची कल्पना तर फारच आवडली. एक शंका राहिली, रेटीसारख्या पोझिशनमध्ये बिनजोर मोहरा वगैरे कामाला येत नाही, तिथे तुम्ही काय विचारता? आणि १५ मिनिटांच्या रॅपिडमध्ये (झटपट डावात) दर चालीला हे सगळं बघायला वेळ कुठून आणायचा, नेमकं कुठल्या चालीला थांबायचं ते मुलांना सांगता आलं तर माझं मोठं काम होईल. प्याद्यांच्या शेवटाच्या सोप्या, शांत चालीच्या पोझिशन असतील कुणाकडे तर इथेच टाका, मी पटावर मांडून मुलांना देईन.