भारदस्तपणा पिंपातूनच येतो असं नाही

दणकट इटालियन रेड वाइन म्हणजे ओकच्या लाकडी पिंपात वर्षानुवर्षं मुरवलेली, असं बरेचदा म्हटलं जातं. उत्तर इटलीतल्या बरोलोसारख्या वाइनच्या बाबतीत ते बरोबर आहे, पण मध्य इटलीतल्या आब्रुत्सो प्रांतातले वाइन बनवणारे एमिदिओ पेपे यांच्या माँतेपुल्चानोला (त्याच नावाच्या द्राक्षाची रेड वाइन) हा नियम लागत नाही. तोरानो नुओवो गावातली ही घरची वायनरी 1964 पासूनची, आता मुली आणि नात सांभाळतात. शेती सेंद्रिय, आणि लाकडाचा स्पर्शही नाही. लाल द्राक्षं जाळीवर हाताने चोळून देठापासून सोडवतात, रस आतून काचेचा लेप दिलेल्या सिमेंटच्या टाक्यांत आंबतो, काही काळ तिथेच राहतो, आणि पुढचं मुरणं बाटलीत. जुन्या बाटल्या विकायला काढण्याआधी हाताने दुसऱ्या बाटलीत ओततात, म्हणजे तळाचा गाळ मागे राहतो. एवढे कष्ट आजही कुणी घेतं याचं मला फार कौतुक वाटतं.

मग दम येतो कुठून? द्राक्षातूनच. माँतेपुल्चानोच्या सालीत रंग आणि तुरटपणा भरपूर असतो. ग्लास तिरका केला तरी मधला भाग जवळजवळ काळा दिसतो. वेलीही तिथे पूर्वापार मांडवावर, आपल्या नाशिककडच्या द्राक्षबागांसारख्या, त्यामुळे उन्हाळ्यात घडांवर पानांची सावली राहते. अशी वाइन मिळाली तर तासभर आधी उघडून ठेवा आणि सोबत मटण असू द्या. आब्रुत्सोत कोळशावर भाजलेल्या मेंढीच्या मांसाच्या काड्या, आरोस्तिचीनी, खातात. तुरटपणाला ती चरबी लागतेच.