मदत हवी आहे: केमो चालू असताना कर्क्युमिनच्या (हळदीतल्या द्रव्याच्या) कॅप्सूल द्याव्यात का?

बाबांना जठराचा कॅन्सर आहे. ऑपरेशनआधी 'फ्लॉट' या चार औषधांच्या केमोच्या चार फेऱ्या, दर पंधरा दिवसांनी एक. त्यातल्या दोन झाल्या. परवा काका कर्क्युमिनच्या कॅप्सूल घेऊन आले. सोबत एका शोधनिबंधाची लिंकही दिली. बसून वाचला. कर्क्युमिनने कॅन्सरच्या पेशी मरतात हे खरं, पण सगळा प्रयोग प्रयोगशाळेतल्या बशीतल्या पेशींवरचा, माणसांवरचा नाही.

झाडपाला म्हणून नाक मुरडत नाहीये मी. बाबांच्या सलाईनमधलं डोसेटॅक्सेल हे केमोचं औषध यू नावाच्या झाडाच्या पानांतल्या द्रव्यापासूनच बनतं. कॅम्प्टोथेसिन १९६६ साली एका चिनी झाडात सापडलं; त्यावरून केलेलं इरिनोटेकन हे कॅन्सरचं औषध वापरात यायला १९९० चं दशक उजाडलं. एवढी वर्षं मात्रा आणि दुष्परिणाम तपासण्यातच जातात, आणि काका म्हणतात "उद्यापासून सुरू कर"!

माझा जीव अडकलाय तो डबीच्या मागच्या बारीक अक्षरांत: 'काळ्या मिरीचा अर्क (पिपरिन)'. पिपरिन यकृतातल्या सीवायपी३ए४ या एन्झाइमला अडवतं म्हणे, आणि डोसेटॅक्सेलचा निचराही तेच एन्झाइम करतं. मग औषध अंगात जास्त साठणार का? मागच्या फेरीनंतर पांढऱ्या पेशी आधीच घसरल्या होत्या.

आणखी एक. कर्क्युमिन रक्तात फारसं उतरत नाही, हे कळलं. पण गिळलेली कॅप्सूल जठरात तर थेट पोचते ना? मग निदान इथे तरी उपयोग होईल?

प्रतिसाद

ताई, शंका रास्त आहे. पण गाठ अस्तरात सुरू झाली तरी ती भिंतीत खोल शिरते, लसिकाग्रंथींपर्यंत जाते. वरून लागलेलं तिथवर पोचत नाही, रक्तातूनच जावं लागतं. आणि दिवसाला ८ ग्रॅम कर्क्युमिन देऊनही रक्तात अगदी किरकोळ सापडलंय.

पिपरिनची भीती मात्र खरी धरा. शिवाय पिपरिन घातलेल्या कर्क्युमिनने यकृताला इजा झाल्याची प्रकरणं नोंदली गेली आहेत. डबीचा पुढून-मागून फोटो काढून ऑन्कॉलॉजिस्टना पाठवा, त्यांचं उत्तर येईपर्यंत कॅप्सूल देऊ नका. काकांना "डॉक्टरांना विचारलंय" एवढंच सांगा, वाद घालू नका.

धागाकर्ती

आभार. फोटो पाठवलाय. पाठवताना डबी उघडली तर तीन कॅप्सूल कमी. बाबा म्हणाले, "तुला त्रास नको म्हणून बोललो नाही." आता डॉक्टरांना तेही कळवतेय.