प्रश्न विचारला की लगेच देशद्रोही?

रामबागकर, इंदूर:
ड्रेनेजसाठी आमची गल्ली खोदून ठेवलीये, पाऊस तोंडावर आलाय. कॉलनीच्या ग्रुपवर एवढंच विचारलं, काम कधी संपणार? उत्तर: "तुमच्यासारख्या देशद्रोह्यांना प्रगती बघवत नाही." त्यावर अंगठ्यांचा नुसता पाऊस! गटाराचा न् देशाचा संबंध काय भिया? राजकारणात हे कधीपासून चाललंय?

पुस्तककिडा:
फार जुनं आहे हो. अमेरिकेत फेब्रुवारी 1950 मध्ये सिनेटर जोसेफ मॅकार्थींनी परराष्ट्र खात्यातल्या कम्युनिस्टांची यादीच हातात असल्याचं ठोकून दिलं. आकडा आधी 205, मग 57, मग 81! एकही आरोप धड सिद्ध झाला नाही, पण त्या वातावरणात लोकांच्या नोकऱ्या खरोखर गेल्या. डिसेंबर 1954 मध्ये सिनेटने 67 विरुद्ध 22 मतांनी त्यांची निर्भर्त्सना केली. तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं.

वकीलकाकू:
केदारनाथ सिंह खटला, 1962. सरकारवर कडक टीका म्हणजे राजद्रोह नव्हे, हिंसेची चिथावणी हवी, असं सुप्रीम कोर्टाचं म्हणणं. पण ग्रुपवर कलमं झाडू नका, कुणी वाचत नाही.

छावणीवाला:
सरळ विचारा, मी नेमकं काय केलं? कधी? पुरावा? मग गडी निमूट गुड मॉर्निंगच्या फुलांवर येतो. आणि हे सगळ्याच पक्षांचे लोक करतात बरं का, फक्त शिव्या वेगळ्या.

रामबागकर:
विचारलं. ॲडमिनने मलाच काढलं! बायको अजून ग्रुपमध्ये आहे, आता ती विचारणारेय.