व्हॅटचा परतावा किती थांबवायचा, आणि कुणाच्या पैशावर?

धागाकर्ता
परतावा रखडला की एकच उत्तर ऐकू येतं, "पैसे बुडत तर नाहीत ना, मिळतील." बुडत नाहीत, कबूल. पण तोवर धंदा कशावर चालवायचा?

1954 साली फ्रेंच कर अधिकारी मोरिस लोरे यांच्या आखणीतून फ्रान्समध्ये व्हॅट, म्हणजे मूल्यवर्धित कर, सुरू झाला. त्याचं मूळ तत्त्व साधं आहे: बोजा शेवटच्या ग्राहकाचा, मधला व्यापारी फक्त कर गोळा करून भरणारा. एरवी तो खरेदीवर भरलेला कर विक्रीवरच्या करातून वजा करतो. निर्यातीवर दर शून्य असतो, वजा करायला काही नसतं, म्हणून खरेदीवर भरलेला कर निर्यातदाराला परत द्यावाच लागतो. ही मेहेरबानी नाही. त्याचेच पैसे आहेत.

आता हिशेब बघा. 100 चा कच्चा माल, त्यावर 20 टक्के दराने 20 कर. माल बनवून बाहेर पाठवला, सगळा खर्च जाऊन उरले 8. म्हणजे कमाई 8 आणि अडकले 20. पुढच्या खेपेला आणखी 20. वर्षात चार खेपा झाल्या आणि परतावा आलाच नाही, तर नफा 32 आणि सरकारकडे पडून 80! निर्यात जितकी वाढेल तितकं खेळतं भांडवल आटत जातं. मग बँकेची उचल, आणि तिचं व्याज आपल्या खिशातून.

माझं म्हणणं: परताव्यावर निर्णय द्यायची मुदत उलटली की दावा मंजूर धरावा आणि व्याज न मागता मिळावं.

निवृत्त करतपासनीस
व्याजाबद्दल सहमत. "मंजूर धरावा" याला माझा ठाम विरोध.

व्हॅटमध्ये सरकार नुसतं पैसे घेत नाही, तिजोरीतून बाहेरही देतं. चोराचा डोळा नेमका तिथेच असतो. युरोपात मोबाइल फोन आणि संगणकाच्या चिप्स यांच्यावर जे झालं ते आठवा. एक कंपनी दुसऱ्या देशातून करमुक्त माल आणते, देशात कर लावून विकते, तो कर न भरता गायब होते. माल दोन-तीन हातांतून फिरतो, शेवटचा तो परत बाहेर पाठवतो आणि कधीच न भरलेल्या कराचा परतावा मागतो. मग तोच माल पुन्हा पहिल्या फेरीला. कार्बन उत्सर्जनाच्या परवान्यांत हेच झालं, तेव्हा युरोपोलने, म्हणजे युरोपीय संघाच्या पोलीस संस्थेने, 2009 मध्ये नुकसानीचा अंदाज सुमारे 5 अब्ज युरो सांगितला होता. त्यात तर मालाची पेटीसुद्धा हलवावी लागत नव्हती.

मुदत संपली म्हणून मी सही केली असती, तर पैसे त्याच आठवड्यात देशाबाहेर गेले असते. नंतर वसुली कुणाकडून करायची?

हिशेबनीस
सर, तुमचा अनुभव मोठा आहे, पण सुक्याबरोबर ओलं जळतंय त्याचं काय? मी सांभाळत असलेल्या एका छोट्या कारखान्याच्या दाव्यात 214 बिलं होती. एका बिलावर पुरवठादाराच्या नोंदणी क्रमांकातला एक आकडा चुकला होता. पुरवठादाराने दोन दिवसांत दुरुस्त बिल दिलं. तरी 214 बिलांचा पूर्ण दावा थांबला, कारण त्रुटी निघाली की अर्ज "अपूर्ण" ठरतो आणि मुदतीची मोजणी पहिल्यापासून. पाचव्या महिन्यात मालकांनी पगारासाठी कर्ज काढलं. त्यांच्यासमोर बसून मी ते कागद भरले आहेत. फार वाईट वाटतं.

कागदावरची मुदत आणि खरी मुदत यांतलं अंतर इथे आहे. युरोपीय संघात दुसऱ्या सदस्य देशात भरलेला कर परत मागितला, तर 2008 च्या निर्देशाप्रमाणे चार महिन्यांत निर्णय हवा. जादा माहिती मागितली की तेच आठ महिन्यांपर्यंत लांबू शकतं. एक प्रश्न विचारला की काटा सरकतो.

पुरवठादार
दुसरी बाजू मांडतो. हंगेरीत नियम होता की खरेदीदाराने पुरवठादाराचे पैसे चुकवले नसतील, तर तेवढा परतावा द्यायचा नाही, पुढच्या काळात ओढायचा. मला तो रास्त वाटतो. मी बिलावरचा कर सरकारला भरून मोकळा होतो, खरेदीदार मला महिनोन् महिने पैसे देत नाही आणि वर त्याच कराचा परतावा घेतो! त्याच्या खिशातून काय गेलं?

धागाकर्ता
तुमचा राग समजतो. पण युरोपीय न्यायालयाने जुलै 2011 मध्ये तो नियम संघाच्या कायद्याविरुद्ध ठरवला. परतावा वाजवी मुदतीत मिळावा, करदात्यावर आर्थिक जोखीम पडू नये, ही त्या न्यायालयाची भूमिका आधीपासून आहे. तुमची थकबाकी वसूल व्हायलाच हवी, त्यासाठी वेगळे कायदे हवेत. परतावा अडवून ती तुमच्या हातात येत नाही, ती रक्कम सरकारकडेच राहते.

पुरवठादार
निकाल मान्य, पण पटला नाही. वेगळा कायदा येईपर्यंत माझं भांडवल कोण भरून देणार?

हिशेबनीस
सरांच्या शंकेवर एक वाट आहे. भारताच्या जीएसटीत शून्य दराच्या पुरवठ्यासाठी (म्हणजे निर्यात वगैरे) दाव्याच्या 90 टक्के रक्कम आधी तात्पुरती द्यायची आणि अंतिम आदेश 60 दिवसांत काढायचा, अशी तरतूद आहे. अंमलबजावणीवर वाद घाला, पण विचार बरोबर आहे. शंका 1 बिलाची असेल तर ते अडवा, 213 सोडा.

निवृत्त करतपासनीस
साखळी घोटाळ्यात प्रत्येक बिल सुटं पाहिलं तर स्वच्छच दिसतं, म्हणून मी बँकहमी मागेन.

धागाकर्ता
हमीसाठी बँक ठेव मागते, म्हणजे तीच रक्कम दुसऱ्या दाराने अडकली. पाच-दहा वर्षं नियमित विवरणपत्रं भरणाऱ्याला हे कशाला?

निवृत्त करतपासनीस
जुन्या, स्वच्छ खात्याला हमी नको, हे मान्य. 213 बिलंही सोडली असती. पण नोंदणी नवी, जागा भाड्याची आणि पहिल्याच तिमाहीत मोठा दावा असेल, तर मुदत उलटली तरी प्रत्यक्ष माल बघितल्याशिवाय मी सही करणार नाही. उशिराचं व्याज सरकारने खुशाल भरावं.